एकच एडिटर, अनेक युनिक्स

१९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी बेल प्रयोगशाळेत युनिक्स लिहायला घेतले, तेव्हाच त्यासोबत एड हा ओळींवर चालणारा छोटा एडिटरही लिहिला. दोन्ही पीडीपी-७ या एकाच यंत्राच्या असेंब्ली भाषेत होते, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा प्रश्न तेव्हा उद्भवलाच नाही. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला आणि १९७७-७८ मध्ये डेनिस रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनी तो इंटरडेटा ८/३२ या सर्वस्वी वेगळ्या बांधणीच्या यंत्रावर चालवून दाखवला. त्या दशकात युनिक्सवरचे प्रोग्रॅम सोर्स कोडच्या रूपाने फिरू लागले. टेप घ्यायची, आपल्या यंत्रावर चढवायची आणि तिथल्या कंपायलरने प्रोग्रॅम बांधून घ्यायचा, ही प्रत्येक संगणक केंद्राची रीत झाली. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलेला मेक हा प्रोग्रॅम या कामात कायमचा सोबती ठरला.

या रीतीत सर्वाधिक त्रास एडिटरने दिला. हिशेबाचा प्रोग्रॅम फाइल वाचतो, आकडे काढतो, फाइल लिहितो आणि थांबतो. पडदाभर मजकूर दाखवणाऱ्या एडिटरला मात्र प्रत्येक कळ दाबताक्षणी हवी असते, कर्सर हवा तिथे न्यावा लागतो, पडद्याचा आकार कळावा लागतो, आणि मध्येच कोणी प्रोग्रॅम थांबवला तर टर्मिनल पूर्ववत करून द्यावे लागते. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने बदलला, नेमक्या त्याच भागावर एडिटर उभा असतो.

बर्कलीचे विद्यार्थी बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास एक्स आणि त्याचे दृश्य रूप व्हीआय लिहायला सुरुवात केली. त्यांच्यापुढे एडीएम-३ए नावाचे टर्मिनल होते. त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. व्हीआयमध्ये कर्सर आजही याच कळांनी हलतो. पण टर्मिनले डझनावारी कंपन्यांची होती, आणि कर्सर हलवण्यासाठी पाठवायची चिन्हमालिका प्रत्येकाची निराळी होती. जॉय यांनी ही सगळी माहिती प्रोग्रॅमबाहेर काढून टर्मकॅप नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली. नवे टर्मिनल आले की त्या फाइलीत एक नोंद वाढवायची. एडिटर पुन्हा कंपाइल करायची गरज नाही. यंत्रागणिक बदलणारी गोष्ट कोडमधून वेगळी काढण्याचा इतका स्वच्छ नमुना त्या काळात दुसरा क्वचितच सापडेल.

पुढे एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हने टर्मकॅपऐवजी टर्मइन्फो आणले आणि एक प्रश्न सुटता सुटता दुसरा उभा राहिला. आता एडिटर बांधताना टर्मकॅपची लायब्ररी जोडायची की टर्मइन्फो वाचणारी कर्सेसची, हे आधी ठरवावे लागे. ऐंशीच्या दशकात युनिक्सची दोन घराणी झाली होती, बर्कलीचे आणि सिस्टिम फाइव्हचे, आणि सनओएस, अल्ट्रिक्स, एचपी-यूएक्स, एआयएक्स, आयरिक्स, झेनिक्स या शाखांनी दोन्हींकडून आपापल्या सोयीने उचल केली. टर्मिनलची स्थिती बदलण्याचे तीन मार्ग होते: बर्कलीचा एसजीटीटीवाय, सिस्टिम फाइव्हचा टर्मआयओ आणि नंतर १९८८ च्या पॉझिक्स मानकातला टर्मआयओएस. मजकुरात एखादे अक्षर शोधणाऱ्या फंक्शनचे नावसुद्धा दोन्हीकडे वेगळे होते. काही यंत्रांवर सी भाषेतला इंट १६ बिटांचा, काहींवर ३२ बिटांचा. कॅर हा प्रकार पीडीपी-११ वर ऋण किंमत धरू शके, इतर काही यंत्रांवर धरत नसे. इंग्रजी मजकुरात हा शेवटचा फरक जाणवत नाही, कारण इंग्रजी अक्षरांचे अंक १२७ च्या आतच राहतात. देवनागरीला तो पुढे चांगलाच जाणवला.

१९८५ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू ईमॅक्स प्रसिद्ध केला, तेव्हा हा गुंता एका जागी आणण्याची त्यांची पद्धत अगदी हाताने करायची होती. सोर्ससोबत दोन प्रकारच्या हेडर फाइली येत. एक संच यंत्रांचा, दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमचा. बांधणाऱ्याने कॉन्फिग फाइलीचा नमुना उतरवून घ्यायचा, त्यात आपल्या यंत्राची एक आणि सिस्टिमची एक फाइल नमूद करायची, आणि मग मेक चालवायचे. कोणत्या यंत्राला कोणती जोडी लागते, कुठल्या कंपायलरचा कुठला दोष टाळायचा, याच्या नोंदी मशीन्स नावाच्या फाइलीत असत. त्या काळच्या संगणक उद्योगाचा इतका प्रामाणिक पट दुसरीकडे मिळणे कठीण आहे. बुडालेल्या कंपन्यांची यंत्रेही तिथे आपापल्या खोडींसह नोंदलेली आहेत.

ईमॅक्सची खरी अवघड जागा वेगळीच होती. त्याचा मोठा भाग लिस्प भाषेत लिहिलेला आहे, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने चढवायचा तर त्या काळच्या यंत्रावर सुरू होण्यातच बराच वेळ जाई. म्हणून बांधणीच्या वेळी आधी टेमॅक्स नावाचा रिकामा प्रोग्रॅम तयार होई, तो सगळे लिस्प वाचून घेई, आणि मग आपल्या स्मृतीची जशीच्या तशी प्रत चालवता येण्याजोग्या फाइलीत ओतून देई. या क्रियेला अनएक्झेक म्हणत. त्यासाठी त्या सिस्टिमवर चालणाऱ्या फाइलीची अंतर्गत रचना बिनचूक माहीत असावी लागे, आणि ती ए-आउट, कॉफ, एल्फ अशी जागोजागी बदले. ईमॅक्स नव्या युनिक्सवर नेणे म्हणजे बहुतेकदा ही एकच पायरी पार करणे असे.

हाताने फाइली भरण्याच्या पद्धतीला पहिला मोठा पर्याय लॅरी वॉल यांनी दिला. पर्ल भाषेमुळे नंतर प्रसिद्ध झालेल्या वॉल यांनी १९८४ मध्ये आपल्या आरएन या वाचन-प्रोग्रॅमसोबत कॉन्फिगर नावाची शेल स्क्रिप्ट दिली. ती बांधणाऱ्याला प्रश्न विचारी आणि सिस्टिममध्ये स्वतः डोकावून काही उत्तरे शोधून काढी. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केले आणि विचाराची दिशाच बदलली. 'ही सिस्टिम कोणती?' असे त्यात सहसा विचारले जात नाही. 'अमुक फंक्शन इथे आहे का?' एवढेच तपासले जाते. त्यासाठी स्क्रिप्ट दोन-चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहिते, तो कंपाइल करते, लायब्ररीशी जोडून पाहते, जमले तर एका हेडर फाइलीत 'आहे' अशी नोंद करते. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची हकीकत कॉन्फिग लॉगमध्ये राहते. सर्वांत जुन्या बॉर्न शेलवरही चालावी म्हणून ही स्क्रिप्ट मुद्दाम अगदी प्राथमिक शेल भाषेत तयार होते, आणि म्हणूनच ती हजारो ओळींची होते. तिच्या लांबीवर पुष्कळ टीका झाली; परंतु ज्या सिस्टिमचे नाव लेखकाने कधी ऐकलेही नाही तिथे प्रोग्रॅम बांधला जाणे ही या पद्धतीची कमाई आहे, आणि ती लहान नाही.

व्हिमच्या इतिहासात हे स्थित्यंतर थोडक्यात दिसते. ब्राम मूलेनार यांनी १९८८ मध्ये अमिगा संगणकावर त्याचे काम सुरू केले, १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि १९९२ मध्ये युनिक्सवर आणला. सुरुवातीच्या मेकफाइलीत प्रत्येक युनिक्ससाठी काही ओळी टिप्पणीच्या खुणेमागे झाकलेल्या असत. आपल्या सिस्टिमच्या ओळी तेवढ्या उघड्या करायच्या. पुढे ऑटोकॉन्फ आले. आजही व्हिमची कॉन्फिगर स्क्रिप्ट टर्मिनलची लायब्ररी एकामागून एक नावांनी शोधते आणि एकही न सापडल्यास तिथेच थांबते. जॉय यांच्या टर्मकॅपचा धागा असा टिकून राहिला. बांधणाऱ्याला टायनीपासून ह्यूजपर्यंतचे वैशिष्ट्यसंच निवडता येत, आणि अनेक बाइटांची अक्षरे हाताळण्याची सोय दीर्घकाळ अशीच ऐच्छिक होती. ती न घेता बांधलेला व्हिम मराठीच्या उपयोगाचा नव्हता.

महाराष्ट्रात युनिक्स रुजले ते आधी संशोधनसंस्थांतून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक केंद्रातून १९८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, स्वतंत्रपणे उभे राहिले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात ते आणि पवईची आयआयटी दोन्ही होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातले शेल खाते घेणाऱ्याच्या पडद्यावर दूरच्या युनिक्सचा निव्वळ मजकूरच येई. पत्र लिहायचे तर तिथलाच एडिटर, आणि लिपी रोमन.

मराठी अक्षर त्या पडद्यावर आणण्याचा एक मार्ग पुण्यातून निघाला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले जिस्ट तंत्र पुढे नेले. त्याचा आधार इस्की ही संकेतप्रणाली; १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाली. इस्कीत पहिल्या १२८ जागा इंग्रजीला आणि वरच्या १२८ भारतीय लिपींना. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळचे शिवथर हे नाव घेतले, तर ते इस्कीत पाच बाइटांत मावते: श, ऱ्हस्व वेलांटी, व, थ, र. साठवणीत वेलांटी 'श'च्या नंतर येते, दिसताना मात्र ती आधी काढावी लागते. ही अदलाबदल जिस्ट टर्मिनल स्वतःच करी, त्यामुळे युनिक्सवरच्या एडिटरला लिपीचे ज्ञान असण्याची गरज उरत नसे. त्याने फक्त आठही बिट जपायचे होते.

अडचण तिथेच होती. जुन्या व्हीआयने आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरला होता. टर्मिनलची तार सात बिट आणि एक पॅरिटी बिट अशी जुळवलेली असे, आणि युनिक्सचा टर्मिनल ड्रायव्हर वरचा बिट कापूनही टाकी. तो न कापण्याची आज्ञा एसटीटीवायने द्यावी लागे. ज्या यंत्रावर कॅर ऋण किंमत धरी, तिथे १२७ वरच्या बाइटाची उणे संख्या होई, आणि अक्षरांच्या कोष्टकात तीच क्रमांक म्हणून वापरली की प्रोग्रॅम भलत्या जागी वाची. इंग्रजीपुरते पारखलेले कोड देवनागरीपुढे असे उघडे पडे. आठही बिट अबाधित ठेवणे हे एडिटरच्या गुणांत मोजले जाऊ लागले ते युरोपीय भाषांमुळे. मराठीला त्याचा लाभ आपसूक मिळाला.

दुसरा मार्ग सात बिटांतच राहण्याचा होता. १९९१ मध्ये अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स प्रसिद्ध केला. मजकूर रोमन लिपीत ठरावीक रीतीने टाइप करायचा, एडिटर कोणताही चालेल, आणि मग आयट्रान्स त्याचे देवनागरी करून टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमकडे सोपवी. परदेशातल्या विद्यापीठांत युनिक्सवर काम करणाऱ्या मराठी आणि हिंदी भाषकांनी गाणी, स्तोत्रे आणि पोथ्या अशाच उतरवल्या.

शिवथरचे नाव इथे केवळ उदाहरणापुरते येत नाही. तिथल्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही घळ पुन्हा उजेडात आणली. वीस दशक आणि दोनशे समासांच्या या ग्रंथातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. निरनिराळ्या मुलखांतले बोरू, कागद, शाई यांची तयारी त्यात सांगितली आहे, आणि ग्रंथाचे पहिले अक्षर व शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे अशी अपेक्षा केली आहे. साहित्य कुठलेही असो, अक्षराचे रूप ढळू नये हा आग्रह मराठीत अशा रीतीने सतराव्या शतकापासून नोंदलेला आहे. युनिक्सच्या पडद्यावर तो पुरा व्हायला एकविसावे शतक उजाडले.

१९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत बसवली. तीत 'शिवथर' पाच चिन्हांचे, पंधरा बाइटांचे आणि पडद्यावर चार अक्षरांचे होते. एडिटरला हे तिन्ही हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात. टर्मिनलमधला व्हिम पडद्याचे सारख्या रुंदीचे घर धरून चालतो. वेलांटीसारखी चिन्हे तो आधीच्या अक्षराच्या घरात ठेवतो, पण 'समर्थ' लिहिताना पाय मोडलेला र एका घरात आणि थ पुढच्या घरात जातो. रफार थच्या डोक्यावर चढेल की नाही हे टर्मिनलवर अवलंबून राहते. ऱ्या, ऱ्हा यांतला चंद्रकोरीसारखा र आणि २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेला ॲ यांना तर फाँटचीही साथ लागते. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले आणि पुढे पुण्यातून सांभाळलेले लोहित फाँट लिनक्सवर म्हणूनच मोलाचे ठरले.

ईमॅक्सने २००९ च्या २३ व्या आवृत्तीत आतली साठवण युनिकोडवर नेली. जोडाक्षरे जुळवायला त्याला लिबओटीएफ आणि एम१७एन या लायब्ररी लागत. बांधणीच्या वेळी कॉन्फिगरला त्या सापडल्या नाहीत तर एडिटर तक्रार न करता तयार होई, फक्त मराठी मोडकी दिसे. कॉन्फिगरच्या शेवटी येणारा गोषवारा वाचणे मराठी वापरणाऱ्याला म्हणून अत्यावश्यक होते, आणि आजही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या २७ व्या आवृत्तीत हे काम हार्फबझ या लायब्ररीकडे गेले. त्याच आवृत्तीत अनएक्झेकच्या जागी कोणत्याही फाइलरचनेवर न विसंबणारी स्मृतीची प्रत घेण्याची नवी पद्धत आली, आणि प्रत्येक युनिक्ससाठी वेगळी ओतणी करण्याचे पस्तीस वर्षांचे काम संपत आले. सोर्सवरून ईमॅक्स बांधणाऱ्याने गोषवाऱ्यात हार्फबझपुढे 'होय' आहे ना, हे पाहावे; नसेल तर त्या लायब्ररीच्या हेडर फाइली बसवून कॉन्फिगर पुन्हा चालवावे.