खबर कोणाच्या हाती?

गेल्या भाऊबीजेला माझी भाची फराळाची बशी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी तिला पानिपतची हकीकत सांगत होतो. मास्तरकीची ही खोडच आहे. समोर कोणी निमूट चकली खात बसले की आमचा इतिहासाचा तास सुरू होतो.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे व्हायचे ते होऊन गेले. नानासाहेब पेशवे तेव्हा फौजेसह उत्तरेच्या वाटेवर होते. पुढे काही दिवसांनी भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशापाशी, एक कासिद त्यांच्या माणसांच्या हाती लागला. त्याच्याजवळचे पत्र पेशव्यांच्या नावाचे नव्हतेच. ते सावकारी पत्र होते. मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशी त्यातली सांकेतिक भाषा. भाऊसाहेब आणि विश्वासराव गेल्याचे पेशव्यांना कळले ते असे, दुसऱ्याच्या टपालातून! दरबारोदरबारी ज्यांचे वकील, वाटोवाटी ज्यांचे जासूद, त्यांच्या डाकेच्या आधी सावकाराची डाक पोचली. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर नानासाहेबांचा अंत झाला.

भाची म्हणाली, "मामा, आमच्या ऑफिसात रोज हेच होतं. खबर असते, पण ज्याला हवी त्याच्याजवळ नसते."

मी जरा दुखावलोच. कुठे पानिपत आणि कुठे हिंजवडी! पण तिने सांगितले ते ऐकण्यासारखे होते. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. ती स्वतः प्रोग्राम लिहीत नाही. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणे आणि त्या निवारल्या की त्यांना कळवणे, हे तिचे काम. प्रोग्राम लिहिणारी मंडळी आपापल्या यादीत दोष दुरुस्त झाल्याची खूण करतात. ही रोज संध्याकाळी ती यादी उघडायची, खुणा शोधायची, नावे आपल्या तक्त्यात उतरवायची आणि मग एकेकाला पत्र धाडायची. सकाळी अकराला दुरुस्त झालेला दोष औषधाच्या दुकानदाराला रात्री आठला कळायचा, आणि तोवर तो बिचारा हाताने बिले फाडत बसलेला! या उतरवण्यात तिचा रोज दीड तास जाई.

मग तिनेच यावर तोड काढली. पडद्यावर एक चौकट ठेवली: 'यादीत खूण झाली की'. तिच्यापुढे दुसरी: 'तक्त्यात लिही'. तिसरी: 'गिऱ्हाइकाला कळव'. मध्ये बाण. प्रोग्रामची एक ओळदेखील लिहिली नाही. याला नो-कोड म्हणतात म्हणे. मला ही जादू वाटली, आणि जादू दिसली की तिचे मूळ शोधत बसणे हा माझा जुना रोग.

मूळ सापडले ते १९६४ सालात. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत डग मॅकिलरॉय नावाचे गृहस्थ होते. बागेतल्या पाण्याच्या नळीला जशी आणखी एक नळी जोडतात, तसे एका प्रोग्रामला दुसरा जोडता यावा, असे त्यांनी एका टिपणात मांडले. ती सोय व्हायला १९७३ साल उजाडले. केन टॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये घातली, आणि तीही एका रात्रीत. त्याच प्रयोगशाळेत १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी प्रोग्राममधल्या फेरफारांची नोंद ठेवणारी व्यवस्था रचली होती. कोणी काय बदलले आणि केव्हा बदलले, याची ती वही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे रुमाल ज्याने पाहिले आहेत त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. पुढे २००५ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 'गिट' केले, २००८ साली 'गिटहब' आले, आणि ही रोजकीर्द जगभरच्या लोकांना एकत्र लिहिता येऊ लागली.

पण वही असली म्हणजे बातमी पोचली असे नव्हे. पुष्कळ वर्षे रीत अशी की एका यंत्राने दुसऱ्याच्या दारी थोड्याथोड्या वेळाने जायचे आणि विचारायचे, 'काही नवीन?' बहुतेक वेळा उत्तर 'नाही'. पोस्टमन येऊन गेला का म्हणून दर घटकेला फाटकाशी जाणाऱ्या आजोबांसारखेच हे! उलट रीत अशी की घटना घडली की घटनेच्या जागेवरूनच जासूद सुटावा. या रीतीला जेफ लिंडसे यांनी २००७ साली 'वेबहूक' हे नाव दिले. गिटहबचा हा जासूद मोठा शिस्तीचा. दहा सेकंदांत पोच मिळाली नाही तर निरोप फसला असे तो धरतो, आणि आपण होऊन दुसरी खेप करीत नाही. पत्र खरे की बनावट हे ओळखण्यासाठी त्यावर दोघांनाच ठाऊक असलेल्या गुपितातून काढलेली निशाणी उमटवता येते. जुन्या पत्रांत शेवटी 'लेखनसीमा' हा शिक्का मारीत, पुढे कोणी ओळ घुसडू नये म्हणून. अडीचशे वर्षांनी तीच धास्ती आणि जवळपास तोच उपाय.

मग २०११ साली मिसूरीतल्या कोलंबिया गावच्या तिघा तरुणांनी 'झॅपियर' काढले, २०१९ साली बर्लिनमध्ये 'एन-एट-एन' निघाले, आणि नळ्या जोडण्याचे काम प्रोग्रामरच्या हातून सुटून भाचीसारख्यांच्या हाती आले.

आमच्या पुण्याचाही या वाटेवर एक मुक्काम आहे. १९८१ साली फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने येथे टाटांचे संशोधन केंद्र निघाले. पुढे ते हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत होते. ई. सी. सुब्बाराव त्याचे पहिले संचालक. कामाचा आराखडा माणसाने मांडावा आणि त्यावरून प्रोग्राम यंत्राने लिहावा, ही कल्पना तेथे वर्षानुवर्षे घोटली गेली आणि तिच्यातून 'मास्टरक्राफ्ट' हे साधन तयार झाले. ते मोठमोठ्या व्यवहारांसाठी, तज्ज्ञांच्या हातचे. भाचीच्या तीन चौकटींशी मी त्याचे थेट नाते जोडत नाही. तथापि पुण्यात संगणक म्हटला की १९९१ च्या 'परम'चे नाव सगळे घेतात आणि हडपसरचे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

असो. हे सगळे मोठ्या उत्साहाने गणेशोत्सवात भाचीला सांगायला गेलो, तर बाईसाहेब रडकुंडीला आलेल्या. कोणीतरी यादीतल्या खुणेचा शब्द बदलला होता. 'दुरुस्त' होते तिथे 'पूर्ण' केले. चौकट बिचारी जुन्याच शब्दाची वाट पाहत बसली. काही मोडले नाही, कोणी ओरडले नाही, नुसती शांतता. तीन दिवस सात गिऱ्हाइकांना काहीही कळले नाही. जाब मात्र तिला विचारला गेला. हाताने उतरवत होती तेव्हा तो नवा शब्द तिच्या डोळ्यांना पहिल्याच दिवशी खटकला असता.

मी तिला नाईट कॅपिटलची गोष्ट सांगितली. ही अमेरिकेतली शेअरबाजारातली कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिच्या आठ यंत्रांपैकी सातांवर नवा प्रोग्राम चढला होता. आठवे राहून गेले. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने दोषाचा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल कंपनीच्या माणसांना धाडल्या. त्या धोक्याच्या घंटा म्हणून ठरवलेल्या नव्हत्या. कोणी त्या पाहिल्या नाहीत. बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. नानासाहेबांकडे पत्र आले नव्हते, तरी त्यांनी ते वाचले. इथे ९७ पत्रे आली आणि वाचली गेली नाहीत.

"म्हणजे माझं त्यापुढे काहीच नाही," ती डोळे पुसत म्हणाली.

"तुझ्या त्या दुकानदाराला विचार," मी म्हणालो. मला तिचे सांत्वन करायचे होते, पण खोटे बोलवेना.

तिने चौकटी काढून टाकल्या नाहीत. एक चौथी जोडली: रोज सहा वाजता यादीतले बंद झालेले दोष, मग खुणेचा शब्द कोणताही असो, आणि गिऱ्हाइकांना गेलेली पत्रे यांची संख्या शेजारीशेजारी मांडून तिला कळवायची, काही नसले तर शून्य कळवायचे, पण कळवायचे. आणि शुक्रवारी ती पुन्हा यादी स्वतः वाचते, बोट ठेवून, पूर्वीसारखी.

परवा करंज्या भरायला आली होती. सहाला तिचा फोन वाजला. सारणाच्या हातानेच तिने पाहिले आणि म्हणाली, "चार आणि चार. मामा, ती परात इकडे द्या."