अंधत्व, चाळीस टक्के आणि पेन्शन : दिव्यांग हक्क अधिनियमातील काही ओळींवर भाष्य

पाचोऱ्याच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज देताना दोन कागदांवर सगळे अडते : दिव्यांग प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला. दरमहा पेन्शन देणारी ही योजना 1980 सालची आहे. पण आज तिच्याकडे हक्क म्हणून पाहायचे तर आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चा घ्यावा लागतो. तो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. त्यातल्या ओळी क्रमाने घेऊ. तू शब्द सोडू नकोस. अर्ज एखाद्या शब्दावरच अडतो.

‘सर्वोत्तम दुरुस्तीनंतर’

अनुसूचीतली अंधत्वाची व्याख्या या शब्दांनी सुरू होते. म्हणजे चष्म्याविना काय दिसते ते मोजायचे नाही. योग्य चष्मा लावून काय उरते ते मोजायचे. 1995 च्या जुन्या कायद्यात ‘दुरुस्तीची भिंगे’ असे शब्द होते. नव्या कायद्याने भिंगे गाळली. याचा अर्थ शस्त्रक्रियाही दुरुस्तीतच धरायची का? एक वाचन तसे करता येते : मोतीबिंदू काढून दृष्टी येणार असेल, तर आधी तो काढा. दुसरे वाचन असे, की तपासणीच्या दिवशी हाताशी असलेली दुरुस्तीच मोजायची. मला दुसरे पटते. शस्त्रक्रिया करून घेतलीच पाहिजे, अशी सक्ती या ओळीत कुठेही नाही. तरी उपचाराने सुधारणारी स्थिती असेल तर प्रमाणपत्र कायमचे न मिळता ठरावीक मुदतीचे मिळू शकते, हे ध्यानात असू दे.

‘चांगल्या डोळ्यात 3/60 पेक्षा कमी’

स्क्रीन रीडरमध्ये विरामचिन्हे बंद असतील तर मधली तिरकी रेघ गळू शकते आणि हा आकडा निरर्थक वाटतो. म्हणून फोड करून सांगतो. 3/60 म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर 60 मीटरवरून ओळखता येते, ते ओळखायला या डोळ्याला 3 मीटरवर यावे लागते. ‘चांगल्या डोळ्यात’ हे शब्द कठोर आहेत. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला, तर ती व्यक्ती या व्याख्येने अंध नव्हे.

जुन्या कायद्यात ही रेघ 6/60 वर होती. म्हणजे 6/60 आणि 3/60 यांच्या मधला माणूस तेव्हा अंध होता, आज ‘अल्पदृष्टी’ आहे. त्याचे काही गेले का? नोकरीतले आरक्षण गेले नाही, कारण कलम 34 मधला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी दोघांचा मिळून आहे. पेन्शनही नाही, कारण ती नावावर नसून टक्क्यांवर चालते.

‘किंवा दृष्टिक्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी’

यातला ‘किंवा’ फार मोलाचा. याचा अर्थ ही अट एकटीही पुरेशी आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा झालेला माणूस समोरचे बारीक अक्षर वाचतो, पण बाजूची खुर्ची त्याला दिसत नाही. ‘याला तर दिसतं, हा सोंग करतो’ असे लोक म्हणतात तेव्हा त्यांना ही ओळ ठाऊक नसते. क्षेत्राची वेगळी तपासणी मागून घ्यावी. नुसत्या तक्त्यावरची अक्षरे वाचून ही स्थिती उघड होत नाही.

‘चाळीस टक्क्यांपेक्षा कमी नाही’

ही ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची व्याख्या, आणि पेन्शनचा उंबरठाही हाच. म्हणजे नेमके 40 असले तरी चालते. 39 चालत नाही. टक्के अनुसूचीत नाहीत, केंद्राच्या मूल्यमापन तक्त्यात आहेत. तिथे एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के, म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडे. चांगला डोळा 6/60 च्या खाली, 3/60 पर्यंत असेल तर किमान 70. त्यात दुसरा डोळा 3/60 च्याही खाली गेला तर 80. हा 80 चा आकडा जप : केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन दारिद्र्यरेषेखालील आणि 80 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी आहे, तिच्यात केंद्राचा वाटा दरमहा 300 रुपये. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, 80 आणि वरच्यांसाठी निळी पट्टी असते. रंग तुला कुणी सांगेल. पण टक्के आकड्यात वाचून घेतल्याशिवाय कार्ड खिशात ठेवू नकोस.

‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’

आता कलम 24. समुचित शासन, म्हणजे आपल्या योजनेपुरते महाराष्ट्र शासन, आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत योजना आखील. काही जण म्हणतात, या शब्दांनी सगळा हक्कच गिळला. मला तसे वाटत नाही. योजना आखणे हे बंधन आहे. मर्यादा फक्त तिच्या आकाराला लागते.

‘अधिसूचित होईल त्या उत्पन्नमर्यादेच्या अधीन’

कलम 24 मधल्याच पेन्शनच्या खंडातली ही अट. उत्पन्न कुणाचे, हे कायदा सांगत नाही. संजय गांधी योजनेचा नियम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न धरतो : इतरांना 21,000, दिव्यांगांना 50,000 रुपये. म्हणजे भावाच्या-बापाच्या कमाईचा प्रश्न आला की ‘कुटुंब’ या शब्दाची योजनेतली व्याख्या पाहायची, अंदाजाने ‘बसत नाही’ म्हणून घरी परतायचे नाही. स्वतंत्र जगणे हा कलमाचा हेतू आणि मोजणी मात्र घराची, ही विसंगती मला खुपते.

‘किमान पंचवीस टक्के अधिक’

हे कलम 24 चे परंतुक, म्हणजे मुख्य वाक्याला जोडलेली अट. इतरांना लागू असलेल्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांची मदत किमान 25 टक्के अधिक असली पाहिजे. ‘तशाच’ म्हणजे कोणत्या? याच योजनेतल्या विधवा आणि निराधार लाभार्थ्यांशी तुलना सर्वांत सरळ. त्यांना दरमहा 1500 रुपये, त्यावर 25 टक्के म्हणजे 375, एकूण 1875. ऑक्टोबर 2025 पर्यंत दिव्यांगांनाही 1500 च मिळत होते, म्हणजे परंतुक कागदावरच होते. आता दिव्यांगांना 2500 ठरले आहेत. पण ‘किमान’ हा शब्द इथेच संपत नाही. उद्या इतरांची रक्कम 2000 च्या पुढे गेली, तर 2500 पुन्हा अपुरे पडतील आणि वाढ मागताना याच ओळीचा आधार घ्यावा लागेल.