पंक्चर-दुरुस्ती

पंक्चर-दुरुस्ती : हवा भरलेल्या टायरला किंवा त्याच्या आतील रबरी नळीला (ट्यूबला) खिळा, काटा, काच यांसारख्या टोकदार वस्तूमुळे पडलेले छिद्र बुजवून चाक पुन्हा चालते करण्याची क्रिया. मराठीत या क्रियेस ‘पंक्चर काढणे’ असे म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ टोचून पडलेले भोक एवढाच आहे. मराठीत मात्र तो चाकात शिरलेल्या आणि काढून टाकता येणाऱ्या दोषाचे नाव बनला आहे. पंक्चर आणि टायर फुटणे यांत फरक केला पाहिजे. पंक्चरमध्ये हवा बहुधा हळूहळू जाते व वाहन थांबविण्यास अवधी मिळतो. टायर फुटल्यास हवा क्षणार्धात निघून जाते आणि वेगात असलेल्या वाहनावरील ताबा सुटण्याचा संभव असतो. दुर्लक्षिलेले पंक्चर हे टायर फुटण्याचे एक कारण ठरते. कारण कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दुमडतात, त्यामुळे टायर तापतो व त्यातील धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटतात.

इतिहास : बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढविलेली लोखंडी धाव झिजते, ढिली होते, पण पंक्चर होत नाही. पंक्चर ही हवेच्या चाकाने आणलेली अडचण आहे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची (व्हल्कनीकरणाची) रीत शोधली. त्यामुळे उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होणारे रबर चाकासाठी वापरता येऊ लागले. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे एकस्व (पेटंट) घेतले. तथापि त्या काळी त्याचा प्रसार झाला नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलवर केलेल्या प्रयोगातून हवेचा टायर पुन्हा निर्माण केला व तो लवकरच सायकलींवर रूढ झाला.

डनलॉप यांचा टायर चाकाला चिकटवून बसविलेला असे. त्यामुळे पंक्चर झाल्यास तो सोडविणे, नळी दुरुस्त करणे व पुन्हा चिकटवून वाळविणे यांत बराच वेळ जाई. ही अडचण सुट्या टायरने दूर केली. ब्रिटनमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च व विल्यम बार्टलेट यांनी १८९० मध्ये टायरची कड धावपट्टीत (रिममध्ये) अडकवून ठेवण्याच्या दोन वेगवेगळ्या रीती काढल्या. फ्रान्समध्ये आंद्रे व एदुआर मिशलँ या बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा सायकलचा टायर तयार केला. त्याच वर्षी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सायकल शर्यत शार्ल तेराँ यांनी या टायरांवर जिंकली. १८९५ च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटारगाडी चालवून दाखविली. तीत त्यांना ट्यूब वारंवार बदलाव्या लागल्या. पण मोटारगाडी हवेवर चालू शकते हे सिद्ध झाले. पंक्चर टाळता येत नसेल, तर ते सोसता आले पाहिजे, हे सूत्र तेव्हापासून टायरच्या रचनेत मान्य झाले.

स्टेपनी : आरंभीच्या मोटारगाडीचे चाक सहज काढता येत नसे. चालकाला भर रस्त्यात टायर उकलून ट्यूबला ठिगळ लावावे लागे. वेल्समधील लॅनेली या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये यावर एक उपाय काढला. त्यांनी आरे नसलेले, टायर चढवून हवा भरलेले एक कडे तयार केले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून आकड्यांनी अडकवीत व गाडी पुढे नेत. त्यांचे दुकान स्टेपनी रस्त्यावर होते, म्हणून त्या चाकास ‘स्टेपनी’ हे नाव मिळाले. पुढे संपूर्ण चाक नटांनी बसविण्याची पद्धत आली आणि मूळ स्टेपनी मागे पडली. ब्रिटनमध्ये तो शब्दही विस्मृतीत गेला; भारतात मात्र जादा चाकाला आजही स्टेपनी असेच म्हणतात. स्टेपनीमुळे दुरुस्ती नाहीशी झाली नाही, ती लांबणीवर पडली. चालकाने चाक बदलावे व पंक्चर पुढच्या गावी कारागिराकडून काढून घ्यावे, अशी कामाची विभागणी तिने केली. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा व्यवसाय या विभागणीवर उभा राहिला.

भारतातील प्रसार : भारतात डनलॉप कंपनीचा हुगळी नदीकाठच्या साहागंज (पश्चिम बंगाल) येथील कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला, तो पुढे बंद पडला. रबरी टायरांच्या बैलगाड्यांनाही अनेक भागांत ‘डनलॉप’ हेच नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये मलाया जिंकल्यावर दोस्त राष्ट्रांना होणारा रबराचा मुख्य पुरवठा तुटला आणि टायरांचा तुटवडा निर्माण झाला. जुना टायर ठिगळे लावून व वरचा थर नव्याने चढवून (पुनःस्तरण) वापरणे ही त्या वेळी गरज होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई, मद्रास व अन्य ठिकाणी नवे कारखाने निघाले, तरी टायर ही दीर्घकाळ महाग वस्तूच राहिली. त्यामुळे एकाच ट्यूबवर अनेक ठिगळे, फाटलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा आणि झिजलेल्या टायरचे पुनःस्तरण ही भारतीय रस्त्यांवरील नित्याची दृश्ये झाली. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने आपल्या बसगाड्यांसाठी स्वतःची पुनःस्तरण केंद्रे चालविली.

पुलगाव परिसर : या स्थित्यंतराची पावले वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या परिसरात जवळजवळ पाहता येतात. वर्धा नदीवरील रेल्वेपुलाजवळ वसलेले हे गाव मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहे. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. कापसाच्या प्रदेशातील या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी निघाली. ती आता बंद आहे. १९१७ मध्ये पुलगाव–आर्वी हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. सोरटा, विरूळ, रोहणा ही त्यावरील स्थानके होत. पुढे ही वाहतूक बंद पडली व तिची जागा रस्त्याने घेतली. पुलगावला राज्य परिवहनाचे आगार आहे, तसेच सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. वर्धा, देवळी, आर्वी व धामणगाव यांकडे जाणारे रस्ते येथून निघतात.

लोखंडी धावेच्या गाडीपासून रबरी टायरच्या गाडीपर्यंत व तेथून बस, मालमोटार व मोटारगाडीपर्यंत हे रस्ते एकाच वेळी सर्व वाहनांच्या उपयोगाचे राहिले. त्यामुळे पंक्चरची कारणेही मिश्र होती. बाभळीचा काटा हे विदर्भातील सायकल व टायरगाडीच्या पंक्चरचे नेहमीचे कारण. तर बैलाच्या खुराला मारलेल्या पत्रीचा निसटलेला खिळा मोटारगाडीच्याही चाकात शिरे. अशा रस्त्यांवर बसथांबा, चहाचे दुकान व पेट्रोलपंप यांच्या जोडीला हवा भरण्याचे व पंक्चर काढण्याचे दुकान असते. हातपंप किंवा हवेचा दाबयंत्रसंच (काँप्रेसर), पाण्याची टाकी, जॅक, पान्हे, लोखंडी पट्ट्या व रबराचे तुकडे एवढ्या अल्प भांडवलावर ते चालते. औपचारिक शिक्षणाशिवाय, जुन्या कारागिराच्या हाताखाली राहून ही कला शिकली जाते.

ट्यूबच्या दुरुस्तीची पद्धत : चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात; नंतर जॅकने गाडी उचलून चाक काढतात. व्हॉल्व्हमधून उरलेली हवा सोडून, पट्ट्यांच्या साह्याने टायरची एक कड रिमबाहेर आणतात व ट्यूब ओढून काढतात. तीत हवा भरून ती पाण्यात बुडविली असता बुडबुड्यांवरून छिद्राची जागा कळते. ती जागा कोरडी करून कानशीने खरखरीत करतात. त्यावर रबराचे द्रावण (सोल्युशन) पातळ लावून ते वाळू देतात. द्रावण ओले असताना ठिगळ लावल्यास ते धरत नाही. नंतर ठिगळ बसवून हातोडीने दाबतात. मोठ्या ट्यूबसाठी गरम ठिगळ अधिक टिकाऊ असते. यात गंधकमिश्रित कच्चे रबर छिद्रावर ठेवून शिकंजात दाबतात व उष्णता देतात. रस्त्याकडेच्या दुकानांत यासाठी जुन्या एंजिनाचा दट्ट्या वापरतात. त्याच्या पोकळीत इंधन जाळले की खालच्या रबराचे व्हल्कनीकरण होते. विजेवर चालणारी साधनेही वापरात आहेत. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवून खिळा किंवा काटा शोधणे आवश्यक असते. तो राहिल्यास त्याच जागी पुन्हा पंक्चर होते.

कारागिराला असणारा धोका : मालमोटारीच्या जुन्या पद्धतीच्या रिमला टायर जागेवर धरण्यासाठी एक सुटे कडे असते. ते नीट बसले नसताना हवा भरली, तर दाबामुळे ते प्रचंड वेगाने उडते व जवळच्या माणसाचा जीव घेऊ शकते. यासाठी हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे व माणसाने बाजूस उभे राहावे, असा नियम आहे. अमेरिकेत १९८० मध्ये त्यास कायदेशीर रूप देण्यात आले. लहान दुकानांत असा पिंजरा क्वचितच आढळतो. ज्या कामावर शेकडो प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून असते, ते करणारा कारागीर स्वतः फारसा सुरक्षित नसतो.

ट्यूबविरहित टायर : अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीतील फ्रँक हर्झेग यांनी १९४० नंतरच्या दशकात ट्यूबविरहित (ट्यूबलेस) टायर विकसित केला. त्यास १९५२ मध्ये एकस्व मिळाले. यात टायरच्या आतील हवाबंद थर ट्यूबचे काम करतो. खिळा शिरला तरी रबर त्याला घट्ट धरून ठेवते व हवा सावकाश जाते. भारतीय मोटारगाड्यांत हे टायर एकविसाव्या शतकात सार्वत्रिक झाले. त्यांचे पंक्चर चाक न उतरविताही काढता येते : साबणाच्या पाण्याने जागा शोधून पकडीने खिळा उपसतात, छिद्र खरखरीत सळईने साफ करतात व चिकट रबर लावलेली दोरी सुईने आत ढकलतात. ही दुरुस्ती झटपट होते. तथापि टायर काढून आतून ठिगळ व बूच एकत्र बसविणे अधिक विश्वसनीय मानतात. सर्वसाधारणपणे धावपृष्ठावरील सु. ६ मिमी.पर्यंतचे छिद्रच दुरुस्त करावे, असा संकेत आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीवरील छिद्र बुजवू नये. कारण ती सतत वाकत असल्याने तेथील ठिगळ सुटते.

या सुधारणेमुळे स्टेपनीचीही आवश्यकता कमी मानली जाऊ लागली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ३·५ टनांपर्यंतच्या ज्या वाहनात ट्यूबविरहित टायर, टायरमधील दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर काढण्याचा संच असेल, त्यास जादा चाक बाळगण्यातून सूट मिळाली. दुरुस्तीचा भार अशा रीतीने पुन्हा चालकावर आला. मात्र शतकापूर्वीच्या चालकाला अंगवळणी पडलेले हे काम आजच्या अनेक चालकांनी कधी केलेले नसते.

महामार्ग व दुरुस्ती : मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किमी. मार्ग वाहतुकीस मिळाला. हा मार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. पुलगाव–आर्वी लोहमार्गावरील विरूळ येथेच आज या महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागा आहे. मार्ग कुंपणबंद असून मोटारगाड्यांना सपाट भागात ताशी १२० किमी. वेगमर्यादा आहे. बैलगाडी व तिच्याबरोबर येणारा पत्रीचा खिळा येथे नाही; परंतु कुंपणामुळे रस्त्याकडेचा पंक्चरवालाही नाही. प्रवासी सोयी आरंभीच्या काळात अपुऱ्या होत्या. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री वाशिम जिल्ह्यात मालेगावजवळ रस्त्यावर पडलेल्या लोखंडी फलकामुळे सु. पन्नास वाहने पंक्चर झाली व प्रवाशांना रात्री ताटकळावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ भेगा बुजविण्यासाठी रस्त्यात बसविलेल्या धातूच्या नळ्यांमुळेही काही वाहनांचे टायर पंक्चर झाले.

वेग वाढला की लहान दोषही गंभीर होतो. म्हणून परिवहन विभागाने २०२३ मध्ये या महामार्गाच्या प्रवेशस्थानी टायरांची तपासणी हाती घेतली व झिजलेल्या टायरांची वाहने परत पाठविली. नियमानुसार मोटारगाडीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १·६ मिमी. असावी लागते. जुन्या रस्त्यावर ठिगळांचा टायर पुढच्या गावापर्यंत पोहोचला की पुरे असे; अंतर थोडे, वेग कमी आणि कारागीर जवळ असे. नव्या मार्गावर या तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत. त्यामुळे प्रवासापूर्वी हवेचा दाब पाहणे, जुनी ठिगळे तपासणे व स्टेपनी किंवा दुरुस्ती-संच वापरण्याची माहिती असणे, ही पूर्वी गावोगावच्या कारागिराने उचललेली जबाबदारी आता वाहनधारक व महामार्गाची व्यवस्था पाहणारी यंत्रणा यांच्याकडे आली आहे.