आकाशकंदिलाची कुळकथा

आश्विन सरत आला म्हणजे टेक्सासमधील अर्विंग नगरात एक लहानसे दृश्य पाहावयास मिळते. उत्तर टेक्सासचा दीर्घ उन्हाळा नुकताच ओसरलेला असतो, सायंकाळच्या वाऱ्याला किंचित धार आलेली असते, आणि शेजाऱ्यांच्या दारांवरील कागदी भोपळ्यांच्या व वटवाघळांच्या सोबतीने एखाद्या सज्ज्यात रंगीत आकाशकंदील डोलू लागतो. बहुधा तो दुकानातून आणलेला, घडी उलगडताच उभा राहणारा, सर्वांगी रेखीव असा असतो. परंतु मधूनच एखादा असा दिसतो की, त्याची एक बाजू लांब तर दुसरी आखूड, झिरमिळ्या असमान, आणि आतील दिव्याच्या उजेडात चिकटवलेल्या सांध्यांचे डाग स्पष्ट दिसणारे. तो कोणा पाच वर्षांच्या बालकाने केला आहे हे कोणी सांगावे लागत नाही. ह्या वाकड्या कंदिलाचे कूळ मात्र फार मोठे आहे, आणि गिरमिटियांच्या वंशजांनी तरी ते विस्मरणात जाऊ देता कामा नये.

अर्विंग हे नगर काही पुरातन नव्हे. १९०३ साली लोहमार्गालगत ते वसले आणि १९१४ साली त्यास नगराचा दर्जा मिळाला. वॉशिंग्टन अर्विंग ह्या अमेरिकन लेखकाच्या नावावरून त्याचे नाव पडले, असे नगरवासी मानतात. हा योगायोग मनोरंजक आहे. कारण १८१९-२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखसंग्रहात ह्या लेखकाने इंग्लंडमधील खेड्यातल्या नाताळाची जी वर्णने केली, त्यांनी अमेरिकेत नाताळाला घरगुती सणाचे रूप येण्यास हातभार लावला. २०२० च्या खानेसुमारीत अर्विंगची लोकसंख्या २,५६,६८४ भरली. तीत भारतीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा आहे. येथे हिंदूंचे एकता मंदिर आहे. आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी येथील थॉमस जेफर्सन उद्यानात महात्मा गांधींचे स्मारक खुले झाले. ज्या महात्म्याने नाताळ वसाहतीत गिरमिटियांचा कैवार घेतला, त्याचा पुतळा ज्या गावी उभा आहे, त्या गावी गिरमिटियांच्या पणतवंडांनी दिवाळी साजरी करावी, हे यथोचितच होय.

आता कंदिलाच्या कुळाकडे वळू. आकाशकंदील हे मुळात शोभेचे साधन नव्हे. कार्तिकस्नानाच्या काळात उंच काठीवर दिवा टांगावा असे विधान धर्मग्रंथांत आहे. त्यास आकाशदीप म्हणतात. तो दामोदराप्रीत्यर्थ लावावयाचा. त्याचबरोबर पितरांना अंधारात वाट दिसावी, ही श्रद्धाही त्याच्याशी जोडली गेली. दिवाळीच्या अमावास्येस पेटती चूड धरून पितरांना मार्ग दाखविण्याचा उल्कादानाचा विधी सांगितला आहे, तोही ह्याच भावनेचा. म्हणजे घरातील पणती ही लक्ष्मीच्या स्वागतासाठी, तर आकाशदीप हा दूर गेलेल्यांसाठी. तो उंच टांगावयाचा, कारण तो दुरून दिसला पाहिजे.

ह्या दिव्याला कागदाचे अंग पुढे लाभले. महाराष्ट्रात कागद हाताने होत असे. दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव त्या धंद्याच्या नावानेच ओळखले जाते, आणि जुन्नरचा कागद पेशव्यांच्या दप्तरात वापरला जाई. असा कागद हिशेबासाठी, सनदांसाठी आणि पोथ्यांसाठी. मुलांनी कातरून टाकावा इतका तो स्वस्त नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचा कागद बाजारात आला, पतंगाचा पातळ रंगीत कागद पैशा-दोन पैशांत मिळू लागला, आणि तेव्हा कोठे सामान्य घरातील मुलांच्या हाती कागद, कात्री व खळ पडली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा दोऱ्याने बांधावा, त्यावर रंगीत कागद ताणून डकवावा, खाली झिरमिळ्या सोडाव्यात, ही रीत मग घरोघरी रुळली. मुंबईतील माहीमची कंदील गल्ली आजही दिवाळीपूर्वी अशा कंदिलांनी भरून जाते.

ज्या काळात महाराष्ट्रातील मुलांच्या हाती हा रंगीत कागद आला, त्याच काळात कोकणातील आणि घाटावरील काही कुटुंबांच्या हाती वेगळाच कागद पडत होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' हे जहाज गिरमिटियांना घेऊन मॉरिशसला पोहोचले, आणि पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर त्यांत होते. 'ॲग्रीमेंट' ह्या शब्दाचा अपभ्रंश होऊन 'गिरमिट' झाले. म्हणजे ह्या लोकांचे नावच एका कागदावरून पडले. तो कागद त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हता. मॉरिशसमध्ये १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेले तिकीट बाळगणे भाग पडले. ते जवळ नसता रस्त्यावर सापडलेल्या माणसास अटक होत असे. कागद हरवला की माणूस गुन्हेगार ठरे. ह्या कुटुंबांच्या आठवणीत कागद म्हणजे शोभा नव्हे, कागद म्हणजे बेडी होती.

आणि तरीही त्यांनी कागदाचे दुसरे रूप जिवंत ठेवले. त्रिनिदादमध्ये मोहरमच्या वेळी बांबू आणि रंगीत कागद यांचे ताबूत मळ्यांवरील मजूर उभारीत, आणि त्या मिरवणुकीत हिंदू मजूरही सामील होत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो येथे बंदी मोडून निघालेल्या अशा मिरवणुकांवर सरकारी गोळीबार झाला आणि माणसे मेली; कागदाचे ताबूत मात्र पुढेही होत राहिले. गयानात आजही ईस्टरच्या सोमवारी आकाश कागदी पतंगांनी भरते, आणि त्यांत सर्व वंशांची मुले असतात. मॉरिशसमध्ये हेन्रिएटा येथे १८९६ साली मराठी कुटुंबाने गणेशचतुर्थी साजरी केली, असे तेथील परंपरा सांगते; आज त्या देशात तो सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. ज्यांच्याकडे देऊळ नव्हते, पुरोहित दुर्मिळ होता आणि ग्रंथ तर नव्हतेच, त्यांनी सण हातांनी टिकविला. माती, बांबू, पीठ, कागद ह्यांच्यापलीकडे त्यांच्याजवळ दुसरे साहित्य नव्हते. जिभेवरची भाषा पिढीगणिक पातळ होत गेली तरी हातांची सवय अधिक काळ टिकली.

हातांचे हे सामर्थ्य शिक्षणशास्त्रानेही ओळखले आहे. जर्मनीतील नीस्की गावच्या मोरावियन मुलांच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून अनेक टोकांचा कागदी तारा करून घेत. तोच पुढे नाताळपूर्व सप्ताहांचा तारा म्हणून जगभर गेला. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेस 'किंडरगार्टन' हे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, कातरकाम करणे ह्यांस त्यांनी शिक्षणात मानाचे स्थान दिले. ही साधने पाहून मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध केला, आणि त्याची दखल युरोपातील गणितज्ञांनी घेतली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, बालशिक्षणाचे काम केले. विदेशी महाग साधनांऐवजी पाने, काड्या, बिया, माती अशी परिसरातील साधने त्यांनी मुलांच्या हाती दिली. गरिबाच्या अंगणातही बालकाच्या हाताला काम मिळू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

अर्विंगच्या बालकाला तर ह्या बाबतीत शेजारही चांगला लाभला आहे. नगरात मेक्सिकन वंशाची वस्ती मोठी आहे. त्यांच्याकडे पातळ कागद कोरून केलेली तोरणे सणासुदीला टांगतात. त्या कागदास ते स्पॅनिश भाषेत 'चिनी कागद' म्हणतात. नाताळात फोडावयाचा सात टोकांचा कागदी तारा, ज्यास ते 'पिन्याता' म्हणतात, तो तर चांदणीच्या कंदिलाचा भाऊच शोभावा. ऑक्टोबरात कागदी भोपळा, नोव्हेंबरात कागदी टर्की पक्षी, डिसेंबरात कागदी तारा, असे शाळेचे वर्षच कागदातून फिरत असते. त्या रांगेत आपला कंदील नेऊन ठेवताना मुलाला संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र त्याला तो कशासाठी आहे हे सांगता आले पाहिजे.

कृती अगदी सोपी आहे. आयताकृती रंगीत कागदाची लांबीच्या बाजूने मधोमध घडी घालावी. घडीच्या कडेकडून बोटभर अंतराने काप द्यावेत. परंतु समोरच्या काठाच्या दोन बोटे अलीकडे थांबावे. घडी उलगडून कागद गोल वळवावा, दोन्ही टोके एकमेकांवर आणून चिकटवावीत, आणि वरून हलकेच दाबावे. पोट फुगते आणि कंदील तयार होतो. वर कागदाची पट्टी कडी म्हणून लावावी, खाली झिरमिळ्या डकवाव्यात. तीन वर्षांच्या मुलाने झिरमिळ्या फाडाव्यात, पाच वर्षांच्याने बोथट कात्रीने काप द्यावेत, आठ वर्षांच्याने माप घ्यावे. थोरांनी शक्यतो हात मागे ठेवावेत. आत तेलाची वात न ठेवता विजेरीचा लहान दिवा ठेवावा, हे सांगणे नलगे.

ह्या अर्ध्या तासात जे घडते ते कंदिलाहून मोठे आहे. घडी, कड, काप, काठ, खळ, सुतळी, गाठ, झालर, हे शब्द पाठ्यपुस्तकातून शिकविले तर मूल दोन दिवसांत विसरते. परंतु आजीने "गाठ सैल झाली रे, ओढ जरा" असे म्हटले आणि मुलाने दोरा ओढला, की तो शब्द त्याच्या बोटांत राहतो. ज्या घरात मराठी केवळ रागावण्यापुरती उरली आहे, त्या घरातही अशा कामाच्या वेळी ती गोड होऊन परत येते. ज्या आजीस आता भाषेची चार वाक्येच येतात, तिलाही येथे पुरेसे बोलता येते. कारण काम पुढ्यात असते आणि उरलेले हात सांगतात.

तयार कंदील आणू नये, असा येथे आग्रह नाही. दोन्ही पालक दिवसभर नोकरीवर असतात, अंतरे लांब, वेळ थोडा. ही अडचण खरी आहे. रेखीव कंदील दाराची शोभा वाढवितो, ह्यातही वाद नाही. परंतु विकत आणलेल्या कंदिलाबद्दल मूल एवढेच सांगू शकते की, तो कोणत्या दुकानातला आहे. स्वतः केलेल्याबद्दल ते विचारील की, हा उंच का टांगावयाचा? आणि त्या प्रश्नाचे उत्तर देताना आईबापांना एका जहाजाची, एका अंगठ्याच्या ठशाची आणि अधिकाऱ्याने चुकीचे लिहून घेतलेल्या एका नावाची गोष्ट सांगावीच लागेल. ती गोष्ट सांगितली न जाणे, हाच ह्या सणातील खरा अंधार होय.

गिरमिटियांच्या पितरांपैकी कित्येकांना ना अग्नी मिळाला, ना तिलांजली. कित्येकांची गावे त्यांच्या वंशजांना ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी वाट उजळावयाची ती कोणत्या दिशेने, हेही सांगता येत नाही. आकाशदीपाला मात्र दिशा लागत नाही. तो चोहोंकडून दिसतो. ज्या कागदावर पणजोबांचा अंगठा उमटवून घेतला, त्याच जातीच्या कागदाला पणतवंडाने आपल्या बोटांनी घडी घालावी आणि त्यात दिवा ठेवून अर्विंगच्या एखाद्या सज्ज्यात तो टांगावा. टेक्सासच्या वाऱ्यात तो कंदील थोडा फाटेल. पुढल्या वर्षी नवा करावा लागेल. आणि त्या निमित्ताने ती गोष्ट पुन्हा एकदा सांगावी लागेल.