न लागलेल्या कुस्त्या

कुस्तीच्या परिभाषेत 'जोड' म्हणजे एकमेकांसमोर उभे करण्याजोगे दोन तुल्यबळ मल्ल. सोलापूर जिल्ह्यातील यात्रांच्या फडात ही जोड पंच आणि जाणते वस्ताद, पैलवानांची उंची, अंगलट, वय आणि तालीम पाहून, वजनकाट्याविना नजरेनेच ठरवत आले. गतकाळातल्या मल्लांच्या काल्पनिक लढती हा याच नजरेचा विस्तार होय. म्हणूनच माळशिरस तालुक्यातील निमगावचे रावसाहेब मगर (महाराष्ट्र केसरी, 1988) आणि करमाळा तालुक्यातील बाला रफिक शेख (2018) यांची जोड मनात लावणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

मुष्टियुद्धात हा खेळ यंत्राकडे सोपवला गेला. 1969 मध्ये रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली या, एकाच काळात कधीही न लढलेल्या, दोन हेवीवेट विजेत्यांची लढत संगणकाच्या हिशेबाचा हवाला देऊन चित्रित झाली. 1970 मध्ये ती अमेरिकेत दाखवली तेव्हा मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकले, तर युरोपातल्या प्रतीत अली. प्रेक्षक बदलताच निकाल बदलावा, यात यंत्राचा दोष फारसा नसावा.

कुस्तीत अडचण याहून खोल आहे, कारण येथे मल्लांबरोबर कुस्तीही बदलली. निकाली कुस्ती, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी झुंज, दमसासाची परीक्षा घेई. मिनिटांत बांधलेली गुणांची कुस्ती चपळाईला मोल देते. 1910 मध्ये लंडनला गादीवर गामा आणि झिबिस्को हे मल्ल अडीच तासांहून अधिक झुंजले तरी निकाल लागला नाही; 1928 मध्ये पतियाळाला तेच दोघे, पन्नाशीला टेकलेले असताना, देशी कुस्तीत भिडले आणि गामांनी मिनिटाच्या आत कुस्ती मारली. मल्ल तेच असूनही पहिल्या लढतीवरून दुसरीचे भाकीत करता आले नसते, मग तीस वर्षांच्या अंतराने लढलेल्यांचे कसे करावे?

डोळ्यांदेखत झालेल्या कुस्तीचीही तीच गत. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात, महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात, मंगळवेढा तालुक्याचे महेंद्र गायकवाड आणि मोहोळचे सिकंदर शेख हे सोलापूरचेच दोघे भिडले. महेंद्र यांनी बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, आणि सिकंदर यांचे खांदे खरोखर धोक्याच्या स्थितीत गेले होते का, यावर चित्रफीत पुन्हापुन्हा पाहूनही एकमत झाले नाही. अंतिम लढतीत महेंद्र यांना शिवराज राक्षे यांनी चीतपट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर यांनी राक्षे यांना हरवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, तेव्हा समोर महेंद्र नव्हते.