मोर्तब नसलेले तक्ते

रेल्वेच्या कारखान्यांत कारागिराच्या पगाराबरोबर आणखी एक हिशेब दरमहा चालतो. पूजेच्या किंवा दिवाळीच्या सुमारास मिळणारा बोनस निराळा. हा वाचविलेल्या वेळेचा मोबदला. चित्तरंजनच्या इंजिन कारखान्यात १९५० च्या दशकात ही पद्धत प्रथम बसविली गेली, म्हणून तिला चित्तरंजन पद्धत असेच नाव पडले. प्रत्येक कामास मंजूर वेळ ठरलेला असतो. तो अशा बेताने ठरवावयाचा की सर्वसाधारण कुवतीच्या माणसाने नेटाने काम केल्यास त्यास मूळ वेतनाच्या ३३⅓ टक्के अधिक मिळावेत. १६ तासांचे काम १२ तासांत झाले, ४ तास वाचले. ४ भागिले १२. हिशेब शाळकरी मुलालाही यावा इतका सोपा.

परंतु हा सोपेपणा एका कार्डापुरताच. कारखान्यात महिन्याला अशी हजारो जॉब कार्डे भरली जातात. मधेच वीज जाते, क्रेन मोकळी नसते, कास्टिंग आलेले नसते. तो वेळ वजा करावा लागतो. काम नापास होऊन परत आले तर त्याचा निराळा नियम. प्रत्यक्ष यंत्रावर नसलेल्या, पण ज्यांच्याविना यंत्र चालणार नाही अशा माणसांना त्यांच्या गटाच्या सरासरीतून हिस्सा द्यावयाचा. हे सारे महिनाअखेर दोन-तीन दिवसांत जुळवून लेखा विभागाकडे पाठवावे लागते. तारीख चुकली की कारागिराच्या घरी त्या महिन्यात तेवढे पैसे कमी जातात आणि दुसऱ्याच दिवशी युनियनचे पदाधिकारी दारात उभे असतात. त्यांचे चुकते असेही नाही.

पूर्वी हे काम छापील रेडी रेकनर आणि तोंडी गणितावर चाले. आपल्याकडच्या जुन्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ केलेली असे. तशीच पाठांतरे बंगालच्या आणि तामिळनाडूच्या कारकुनांनीही आपापल्या भाषेत केलेली असत. पुढे १९६० च्या दशकात रेल्वेत आयबीएम १४०१ जातीचे मोठे संगणक आले. पगारपत्रके तेथे होऊ लागली. पण संगणकाला जो आकडा भरवावयाचा तो तयार करण्याचे काम कारखान्याच्या टाईम ऑफिसात, टेबलावर, हातानेच राहिले. मोठी यंत्रणा आणि जमिनीवरचे काम यांत ही जी फट राहून गेली, तिच्यातच पुढील सारी हकीकत घडली.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची व्हिसिकॅल्क ही पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट बाजारात आली, १९८३ मध्ये लोटस १-२-३, आणि नंतर एक्सेल. आपल्या सरकारी कचेऱ्यांत लोटस रुळले तोवर १९९० चे दशक उजाडले होते. संगणक आला, त्यावर झाकण्याचे कापडही आले. मात्र त्यावर नेमके काय करावयाचे याचा लेखी आदेश क्वचितच कोठे होता. मग ज्यांना मनापासून हौस होती त्यांनी घरी, सुटीच्या दिवशी बसून तक्ते रचले.

माझी नोकरी बदल्यांची. पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे, मग पुन्हा मध्य भारतात. भाषा बदलत, जेवणातले तेल बदले, पण प्रत्येक कारखान्यात असा एखादा माणूस भेटेच. कोणी रेट फिक्सर, कोणी टूल-रूममधला चार्जमन. त्यांच्या तक्त्यांचे विषय पाहा. लेथवर अमुक अंतराचा आटा पाडावयाचा तर कोणते गिअर लावावेत. डिव्हायडिंग हेडच्या हँडलाचे ४० फेरे म्हणजे कामाचा एक फेरा, तर ३७ दातांच्या चाकासाठी कोणत्या छिद्रांची प्लेट घ्यावी. डब्याच्या बोगीतील स्प्रिंगा भाराखाली तपासून त्यांच्या उंचीनुसार तीन गट करावयाचे, पिवळा, निळा, हिरवा. एका बोगीत एकाच गटाच्या बसवावयाच्या. तर आज हाती असलेल्या स्प्रिंगांतून जास्तीत जास्त बोग्या कशा जुळतील. हा शेवटचा तक्ता मी स्वतः वापरताना पाहिला आहे. पूर्वी जो फोरमन निम्मी सकाळ रॅकसमोर उभा राही तो आता चहाच्या वेळेपर्यंत मोकळा होई.

हे तक्ते प्रवास करीत. फ्लॉपीवरून, पुढे ई-मेलने, पेन ड्राईव्हवरून. प्रशिक्षणाला एकत्र आलेली माणसे निघताना एकमेकांचे पत्ते घेत तशाच फाईलीही घेत. तामिळनाडूतील एका कारखान्यात मला जो तक्ता दाखविण्यात आला त्याच्या मॅक्रोमध्ये चलांची नावे रोमन लिपीत 'शिल्लक', 'एकूण' आणि 'उरलेसुरले' अशी होती. तेथे कोणालाही त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता आणि त्यावाचून काही अडतही नव्हते. भुसावळ, परळ की आणखी कोठे, कोणा मराठी माणसाने तो लिहिला असेल याचा पत्ता लागला नाही. घरापासून इतक्या दूर 'उरलेसुरले' वाचून झालेला आनंद मात्र अजून आठवतो.

आता दुसरी बाजू. १९९५ मध्ये वर्डच्या दस्तऐवजांतून पसरणारा 'कॉन्सेप्ट' हा व्हायरस आला आणि तोवरची एक समजूत मोडली. व्हायरस प्रोग्रॅममध्ये असतो, कागदपत्रात नसतो, असे सारे धरून चालत. १९९६ च्या जुलैत एक्सेलचा 'लारू' सापडला. तो मुद्दाम काही नासधूस करीत नसे. फाईल उघडताच आपोआप चालणारा ऑटो_ओपन नावाचा मॅक्रो, एक लपविलेले पान, आणि स्वतःची प्रत दुसऱ्या वर्कबुकात टाकण्याची सोय, एवढेच त्याचे भांडवल. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा'ने ई-मेलच्या जोरावर जगभरच्या कचेऱ्यांचे टपाल तुंबविले. व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरचा धंदा याच काळात भरभराटीला आला. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर व त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी याच दशकात 'क्विक हील' उभे केले, ही हकीकत वाचकांना ठाऊक असेल.

आता त्या लारूची लक्षणे आणि आमच्या रेट फिक्सरचा तक्ता शेजारी ठेवून पाहा. फाईल उघडताच महिना विचारला जावा म्हणून त्यानेही ऑटो_ओपन वापरलेला. सूत्रांत कोणी बोट घालू नये म्हणून त्याचेही एक पान लपविलेले, आणि मॅक्रोला पासवर्ड. मागील महिन्याच्या वर्कबुकातून नवे वर्कबुक तयार करण्याची सोय त्याच्याकडेही होती. ज्ञात व्हायरसची खूण जुळवून पाहणारे सॉफ्टवेअर अशा फाईलीला सहसा हात लावीत नाही. परंतु रोज नवे व्हायरस येऊ लागल्यावर कंपन्यांना केवळ खुणांवर भागेना. मग वर्तनावरून संशय घेण्याची रीत आली: आपोआप चालते का, लपते का, स्वतःची नक्कल करते का. पोलीस ज्याप्रमाणे रात्री पिशवी घेऊन चाललेल्या माणसाला हटकतात तसाच हा प्रकार. हटकलेल्यांत चोरही असतात आणि पाळीवरून परतणारे कामगारही.

खोटा इशारा हा केवळ घरगुती तक्त्यांच्याच वाट्याला येतो असेही नाही. १० मार्च २००६ रोजी मॅकॅफीच्या एका अद्ययावत यादीने खुद्द एक्सेलच्या मुख्य फाईललाच व्हायरस ठरविले होते. एप्रिल २०१० मध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या यादीने विंडोज एक्सपीचा एक मूलभूत भाग उचलून बाजूला केला आणि जगभर संगणक पुन्हा पुन्हा बंद पडू लागले. पण तेथे चूक काही तासांत सुधारली गेली, कारण तक्रार करणारे असंख्य आणि मोठे होते. टाईम ऑफिसच्या तक्त्याची तक्रार कोण करणार?

पूर्वेकडील एका कारखान्यात २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मी हे जवळून पाहिले. महिन्याच्या २९ तारखेला सकाळी एका विदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरची नवी यादी उतरली आणि बोनसचा तक्ता ज्या ज्या संगणकावर होता तेथून तो क्वारंटाईनमध्ये गेला. पडद्यावर तांबडी चौकट. संगणक विभागाने नियमाप्रमाणे अहवाल दिला: अमुक कर्मचाऱ्याने तयार केलेल्या फाईलीतून विषाणूचा प्रादुर्भाव. कारकुनी भाषेत 'संशय' आणि 'प्रादुर्भाव' यांतले अंतर एका ओळीत मिटते. दुपारी त्या रेट फिक्सरला मेमो मिळाला. अनधिकृत सॉफ्टवेअर कार्यालयीन संगणकांवर पसरविल्याबद्दल स्पष्टीकरण द्यावे. बावीस वर्षांची नोकरी, एकही ठपका नाही. त्या महिन्याचा बोनस मागील महिन्याच्या सरासरीने दिला गेला आणि फरक पुढे जुळविला. ते जुळविण्यातच पाच आठवडे गेले.

चौकशी माझ्याकडे आली. फाईल कंपनीकडे तपासणीस पाठविली, चार दिवसांनी उत्तर आले की फाईल निर्दोष आहे, पुढील यादीत दुरुस्ती केली आहे. मेमो मागे घेतला गेला. पण त्या गृहस्थाने त्यानंतर कोणालाही तक्ता दिला नाही. "साहेब, हे काम माझ्या ड्यूटी लिस्टमध्ये नव्हते," एवढेच तो म्हणाला. वाक्य अगदी नियमाला धरून होते, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढे घडली. तक्त्यांची देवाणघेवाण थांबली नाही, ती चोरवाटेने सुरू झाली. कोणी फाईलीचे नाव बदलून ती छायाचित्र म्हणून पाठवी. कोणी पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये बांधून पासवर्ड टपालातच लिही, म्हणजे वाटेतील तपासणीला आत पाहताच येऊ नये. २००४ मध्ये 'बेगल' नावाच्या व्हायरसने नेमकी हीच युक्ती वापरली होती. प्रामाणिक माणसांनी अशा रीतीने लपूनछपून वागण्याची सवय लावून घेतली, की मग खरा चोर त्यांच्यातून ओळखावयाचा कसा?

माझ्या मते येथे दोष सॉफ्टवेअरचा फार थोडा. आपल्या जुन्या दप्तरांत पत्राच्या शेवटी 'मोर्तब सुद' आणि लेखनसीमेची मुद्रा असे. पत्र कोणाचे, आणि ते कोठे संपले, हे तीवरून कळे. मुद्रेनंतर कोणी ओळ घुसडू शकत नसे. घरगुती तक्त्याला असे मोर्तबच नव्हते. वस्तुतः सोय झालेली होती. ऑफिस २००० पासून मॅक्रोवर डिजिटल सही करता येत होती. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला आणि अशा सहीला कायद्याची मान्यता मिळाली. सही केल्यानंतर एक अक्षर बदलले तरी सही मोडते. लेखनसीमा याहून निराळी काय असते? पण मी पाहिलेल्या कचेऱ्यांत डिजिटल सह्या अधिकाऱ्यांना मिळाल्या त्या ई-निविदांसाठी. कारखान्यातील गणितावर सही कोणी करावी हा प्रश्नच कोणाला पडला नाही, कारण सही करणे म्हणजे जबाबदारी घेणे.

आणि जबाबदारीचा प्रश्न व्हायरसपुरता नाही. तक्त्यातील सूत्र चुकले तर कोणतीही तांबडी चौकट येत नाही. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण अहवालातून गळाले. जुन्या एक्सेल फाईलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, एवढेच त्याचे कारण. ती फाईल व्हायरस तपासणीत अगदी स्वच्छ निघाली असती. बोनसच्या तक्त्यात 'वजा' ऐवजी 'अधिक' पडले तर तीनशे माणसांना दरमहा थोडेथोडे कमी मिळेल आणि सॉफ्टवेअर गप्पच बसेल.

म्हणून त्या चौकशीच्या अहवालात मी शिक्षेचा किंवा क्षमेचा विचार न करता तीन पाने निराळ्या कामाला दिली. कारखान्यात वापरात असलेल्या प्रत्येक तक्त्याची नोंदवही असावी. तक्ता रचणाऱ्याखेरीज दुसऱ्या एकाने जुन्या हाताच्या हिशेबाशी दहा उदाहरणे ताडून सही करावी. आणि संगणक विभागाने ती फाईल संशयित ठरल्यास नोंदवही पाहिल्यावाचून मेमो काढू नये. अहवाल मान्य झाला. नोंदवही दोन वर्षे चालली, ४१ तक्ते तीत चढले. माझी बदली झाल्यावर ती बंद पडली असे कळले. आमच्याकडे नोंदवह्यांचे आयुष्य साधारणपणे अधिकाऱ्याच्या मुक्कामाइतकेच असते.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचे धोरण लागू केले. आता फाईल कोठून आली याची खूण विंडोज स्वतःच तिच्यावर मारते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. त्या रेट फिक्सरच्या हाताखालचा एक तरुण ज्युनिअर इंजिनिअर मला गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. बोनसचा तक्ता त्याने मॅक्रोविना, नुसत्या सूत्रांवर नव्याने रचला आहे. मूळ सूत्रे त्याला कशी मिळाली असे विचारता तो म्हणाला, निवृत्तीच्या दिवशी त्यांनी अकरा कागदांवर हाताने लिहून दिली होती, प्रत्येक पानाखाली सही आणि तारीख घालून.