बेंटलेचा कॅमेरा आणि हिमाचे स्फटिक

आपल्यापैकीं बहुतेकांनीं हिमवर्षाव पाहिला असेल तो चित्रांत किंवा पडद्यावर. महाराष्ट्रांत पडतात त्या गारा. आणि गार तळहातावर घेऊन कितीहि निरखली तरी तिच्यांत नक्षी म्हणून कांहीं दिसत नाहीं. हिमाचा कण हा प्रकार अगदीं निराळा आहे. ढगांतील वाफ पाण्याचें रूप न घेतां एकदम गोठते व तिचा स्फटिक बनतो. आणि बर्फांत पाण्याचे रेणु षट्कोनी रचनेनें बसत असल्यामुळें त्या स्फटिकाला सहा बाजू किंवा सहा पाकळ्या येतात. या सहाच्या आंकड्यानें थोरामोठ्यांना भुरळ घातली होती. केप्लरसारख्या ज्योतिर्विदानें १६११ मध्यें त्यावर एक छोटें पुस्तकच लिहिलें, आणि रॉबर्ट हुकनें १६६५ च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत हिमकणांच्या आकृति काढून दाखविल्या. परंतु हातानें काढलेली आकृति ही काढणाऱ्याच्या नजरेची साक्ष. मूळ कण तर तेव्हांच वितळून गेलेला! ती साक्ष खरी कीं खोटी, हें ताडून पाहावें कसें?

ही अडचण ज्यानें सोडविली तो कोणी प्राध्यापक नव्हता. अमेरिकेच्या व्हरमाँट संस्थानांत जेरिको नांवाचें गांव आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरीं ९ फेब्रुवारी १८६५ रोजीं विल्सन बेंटलेचा जन्म झाला. त्याची आई पूर्वाश्रमीची शिक्षिका. चौदा वर्षांचा होईपर्यंत मुलगा शाळेंत गेला नाहीं. जें शिकला तें आईच्या हाताखालीं. तिच्याजवळ शिक्षिकापणाच्या दिवसांतलें एक लहानसें सूक्ष्मदर्शक यंत्र पडून होतें, तें तिनें मुलाच्या हवालीं केलें. या एका गोष्टीबद्दल या बाईचे उपकार मानावे तितके थोडे आहेत, असें माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला वाटतें. पुढचे तीन हिवाळे मुलगा त्या यंत्रावर डोळा ठेवून हिमकणांच्या आकृति काढीत बसे. पण एक पाकळी काढून दुसरीकडे वळावें तों कण वितळूं लागलेला असे.

तेव्हां कॅमेऱ्याची गरज भासूं लागली. आईनें वडिलांची समजूत घातली आणि मुलाच्या सतराव्या वर्षीं एक भात्याचा कॅमेरा व सूक्ष्मदर्शक अशी सामग्री घरांत आली. तिला शंभर डॉलर पडले. दुभत्या जनावरांवर संसार चालविणाऱ्या शेतकऱ्याला ही रक्कम कांहीं लहान नव्हती, आणि हिमकणांच्या मागें लागणें म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय, हें त्या गृहस्थाचें मत शेवटपर्यंत बदललें नाहीं. म्हणजे यापुढें जी भर घालावयाची ती घरच्या घरींच घालणें भाग होतें.

येथें थोडें भिंगांच्या शास्त्राकडे वळलें पाहिजे, म्हणजे त्या मुलापुढील अडचण नीट ध्यानांत येईल. समजा, एका भिंगाचें नाभ्यंतर दोन इंच आहे. दूरच्या डोंगराचें चित्र त्याच्यामागें दोन इंचांवर उमटतें. वस्तूइतकेंच मोठें चित्र हवें असेल तर हें अंतर चार इंच करावें लागतें. दसपट मोठें हवें असेल तर बावीस इंच. भिंग प्लेटपासून जों जों दूर न्यावें तों तों चित्र मोठें होतें, एवढेंच यांतलें मर्म आहे. त्यासाठीं भाता असेल तर उत्तम, नसेल तर आंतून काळा कागद डकविलेली पुठ्ठ्याची नळीहि चालते. शाळेंतील मुलांसह अशी नळी मीं अनेकदां केली आहे, आणि मुंगीच्या डोक्याएवढी वस्तु कांचेवर बोराएवढी दिसली म्हणजे मुलांच्या चेहऱ्यावर जें उमटतें त्याचेंच खरें तर छायाचित्र घ्यावयास हवें. परंतु निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं. चित्र दसपट झालें कीं तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो व एकशें एकवीस पटींनीं मंद होतो. शिवाय वस्तूचा एखादा पातळसा थरच तेवढा स्पष्ट दिसतो, पुढचा-मागचा भाग धूसर राहतो. त्यावर उपाय भिंगापुढील छिद्र अगदीं बारीक करण्याचा. पण तसें केलें कीं प्रकाश आणखीच घटतो.

बेंटलेचे पहिले दोन हिवाळे अशा धडपडींतच गेले. सूक्ष्मदर्शक त्यानें कॅमेऱ्याच्या तोंडाशीं जोडलें. पण भाता लांबविला म्हणजे मागच्या कांचेवर चित्र पाहत असतांना पुढच्या स्क्रूपर्यंत हात पोंचेना. तेव्हां त्यानें चाकें आणि दोरी यांची एक जोडणी बसविली. मागें उभें राहून चाक फिरवावें, दोरीनें पुढचा स्क्रू फिरावा आणि कांचेवरील चित्र नीट व्हावें. छिद्र बारीक केल्याशिवाय रेषा स्वच्छ उमटत नाहींत हें त्याला अनुभवानें कळलें. कॅमेरा एका थंड कोठींत खिडकीकडे तोंड करून ठेवलेला असे आणि बाहेरचा उजेड कणाच्या पारदर्शक अंगांतून आंत येई. एकेका चित्राला कित्येक सेकंद, प्रसंगीं मिनिटाहूनहि अधिक वेळ लागे. आणि तेवढा वेळ कणानें वितळतां कामा नये. म्हणून कोठींत शेगडी नाहीं, उघडे हात नाहींत, कणाजवळ श्वाससुद्धां सोडावयाचा नाहीं.

त्याची बाकीची हत्यारें ऐकलीं तर हंसूं येईल. पडते कण झेलण्याकरितां एक काळी फळी; हाताची ऊब लागूं नये म्हणून तिला तारेच्या मुठी. निवडलेला कण उचलण्यासाठीं केरसुणीची एक काडी. तो कांचेच्या पट्टीवर अलगद दाबून बसविण्यासाठीं टर्की पक्ष्याचें पीस. या सामग्रीवर १५ जानेवारी १८८५ रोजीं, विसावें वर्ष पुरें होण्याआधीं, त्याला एका हिमस्फटिकाचें पहिलें स्पष्ट छायाचित्र मिळालें. त्या यंत्रापुढें गुडघे टेकावेत असें आपणांस त्या क्षणीं वाटलें, असें तो म्हातारपणीं सांगत असे. त्यानंतर सेहेचाळीस वर्षें तोच कॅमेरा, तीच कोठी, आणि पांच हजारांहून अधिक चित्रें.

तेरा वर्षें हें काम बाहेर फारसें कोणाला ठाऊक नव्हतें. व्हरमाँट विद्यापीठांतील प्राध्यापक पर्किन्स यांच्या साहाय्यानें त्याचा पहिला लेख १८९८ मध्यें एका मासिकांत आला. १९०३ मध्यें त्यानें पांचशें चित्रें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे धाडलीं. पावसाचे थेंब मोजण्याचीहि त्याची युक्ति मोठी मौजेची आहे. पसरट भांड्यांत इंचभर जाडीचा बारीक पिठाचा थर पसरून तो तें भांडें क्षणभर पावसांत धरी. प्रत्येक थेंबाची पिठांत एक गोळी बने. ती वाळली म्हणजे मोजावयाची. गोळी व थेंब यांचें प्रमाण काय, हें ठाऊक आकाराचे थेंब उंचावरून पाडून त्यानें आधींच पडताळून घेतलें होतें. अशा ३४४ नोंदींवर आधारलेला त्याचा निबंध १९०४ मध्यें अमेरिकेच्या हवामानखात्याच्या मासिकानें छापला. स्वयंपाकघरांतल्या पिठाला विज्ञानाच्या दरबारीं असा मान क्वचितच मिळाला असेल.

आतां वादाकडे येऊं. बर्लिनमध्यें हेलमान नांवाचे नामांकित हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांच्या सांगण्यावरून न्यूहाउस यांनीं बेंटलेनंतर कांहीं वर्षांनीं हिमकणांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं, आणि त्यांत मोडके, एका अंगानें वाढलेले, ओबडधोबड कणच पुष्कळ होते. उलट बेंटलेचे कण पाहावेत तर जणूं सोनारानें घडविलेले. ही चित्रें सुधारून घेतलेलीं आहेत, असा हेलमान यांनीं आक्षेप घेतला. ज्या माणसाचें सारें आयुष्य त्या चित्रांत गेलें त्याच्या दृष्टीनें हा आक्षेप म्हणजे प्राणाशीं गांठ होती.

त्यांत तथ्य किती? एक गोष्ट खरी कीं, उजेडावर धरून घेतलेल्या चित्रांत कण व पार्श्वभूमि दोन्ही पांढुरकीं येत. म्हणून बेंटले मूळ निगेटिव्हची दुसरी प्रत काढी आणि तिच्यावरील रसायनाचा थर कणाच्या कडेकडेनें चाकूनें खरवडून टाकी. कधीं एकेका चित्राला तास-तास लागत. मग छापांत काळ्याभोर पार्श्वभूमीवर शुभ्र कण उठून दिसे. पण मूळ निगेटिव्ह तो हात न लावतां ठेवी, आणि कणाच्या अंतरंगांतील रेषांना त्या चाकूचा स्पर्श नसे. तेव्हां बनावटपणाचा आरोप टिकत नाहीं असें मला वाटतें. मात्र हेलमान यांच्या बोलण्यांत दुसरा एक अंश होता व त्याला उत्तर देणें कठीण आहे. बेंटले सुंदर तेवढेच कण वेंचीत असे. आभाळांतून पडणारे बहुतेक कण मोडलेले किंवा एकमेकांस चिकटलेले असतात. त्याचा संग्रह पाहणाऱ्याचा मात्र असा समज होतो कीं हिम म्हणजे रांगोळीच. ही उणीव भरून काढली ती जपानच्या नाकाया यांनीं. बेंटलेच्याच पुस्तकानें त्यांना या विषयाची गोडी लावली. होक्काइदो बेटावर त्यांनीं सुरेख व बेढब असे सर्व प्रकारचे कण टिपले, आणि १९३६ मध्यें प्रयोगशाळेंत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढविला. कोणत्या तपमानाला व किती बाष्पाला कोणता आकार येतो, याचा उलगडा तेथून होत गेला.

याच जातीच्या चिकाटीचें एक उदाहरण आपल्या घरचें आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ मध्यें भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठीं ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट केला तो कुंडींत वाटाणा पेरून, त्याच्यापुढें कॅमेरा ठेवून आणि महिनाभर थोडें थोडें चित्रण करून. बेंटलेचें नांव त्यांच्या कानीं गेलें होतें असें मी म्हणत नाहीं. अडचणहि उलटी होती. एकाची वस्तु क्षणांत नाहींशी होणारी, दुसऱ्याची हलूं म्हणतां न हलणारी.

बेंटलेला या धंद्यांत पैसा मिळाला नाहीं. कांचेवरील चित्रें तो पांच सेंटांना एक या दरानें देई. पोट भरे तें शेतीवर. तो अविवाहित राहिला. गांवचे लोक त्याला थोडा चक्रम समजत. १९३१ च्या नोव्हेंबरांत हवामानखात्याचे हम्फ्रीझ यांच्या सहकार्यानें त्याचा ‘स्नो क्रिस्टल्स’ हा ग्रंथ निघाला. त्यांत चोवीसशेंहून अधिक चित्रें आहेत. पुढच्याच महिन्यांत हिमवादळांतून पायीं घरीं आल्यावर त्याला फुप्फुसदाह झाला आणि २३ डिसेंबरला तो वारला. आयुष्यभर तो रोजच्या हवेची टांचणवही ठेवीत असे. तींतील शेवटची नोंद ७ डिसेंबरची आहे: तिसऱ्या प्रहरीं उत्तरेचा गार वारा सुटला असून हिमकण उडत आहेत, एवढीच.